बीसीडी जॅकेट सोडून प्लेट आणि विंग: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

भोसरीच्या एका लेझर कटिंगवाल्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन गेलो, त्याने स्क्रीनवर ड्रॉइंग उघडलं, दोन-तीनदा फिरवून बघितलं आणि विचारलं, "साहेब, हे कुठल्या मशीनचं गार्ड?" म्हटलं मशीनचं नाही, पाठीला बांधायचंय, समुद्रात डायव्हिंगला. तो जरा वेळ गप्प, मग म्हणाला, "एवढं तीन एमएमचं एसएस पाठीला बांधून पाण्यात उतरणार? मग वर कसे येणार?"

प्रश्न एकदम बरोबर होता. बॅकप्लेट घेताना हाच प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, आधी ब्रँड विचारतात, रंग विचारतात, कोणाकडे डिस्काउंट आहे ते विचारतात, आणि आपण पाण्यात किती जड आणि किती हलके आहोत याचा हिशेब मात्र कोणी करत नाही.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. तारकर्लीला किंवा अंदमानला कोर्स केला असेल तर पाण्यात तरंगणं कमी-जास्त करायला बीसीडी म्हणून जे जॅकेट तुम्हाला घालायला दिलं ते आठवत असेल, बिनबाह्यांच्या फुगीर जर्किनसारखं, बटण दाबलं की पोटाच्या दोन्ही बाजूंनी फुगतं आणि आपण त्यात कोंबलेले असतो. प्लेट-विंगमध्ये त्या एका जॅकेटचे तीन तुकडे केलेत. पाठीवर धातूची एक पत्रावजा प्लेट, त्या प्लेटमधून ओवलेला नायलॉनचा पट्टा म्हणजे हार्नेस, आणि प्लेट व सिलेंडरच्या मध्ये सँडविच केलेली हवेची पिशवी, तिला म्हणायचं विंग. हवा सगळी पाठीमागे, पोट-छाती मोकळी. १९७९ च्या सुमारास उत्तर फ्लोरिडातल्या गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्या लोकांनी हे सुरू केलं, ग्रेग फ्लॅनगनचं नाव त्यात घेतात आणि पुढे बिल मेनने ते सुटसुटीत केलं. गुहेत तळाचा गाळ उडाला की समोरचं काही दिसत नाही, त्यामुळे अंग आडवं सपाट ठेवता आलं पाहिजे आणि अंगावर लोंबणारं काही नको, एवढ्यासाठी ती सगळी खटपट. आपण काही गुहेत जात नाही, पण तारकर्लीच्या पाण्यात उभ्याने पाय मारले की काय होतं ते मागून येणाऱ्याला विचारा, त्याला पुढची दहा मिनिटं चहाच दिसतो.

तीन तुकडे असण्याचा खरा फायदा खिशाला आहे. जॅकेटची पिशवी फाटली की अख्खं जॅकेट गेलं. इथे पट्टा झिजला तर पट्टा बदला, विंग गेली तर विंग बदला, प्लेट तर तुमच्या नातवाला पण चालेल. आणि साइज हा प्रकारच नाही, पट्टा सैल-घट्ट केला की झालं, पोट सुटलं तरी तीच प्लेट. (माझं सुटलंय.)

आता त्या लेझरवाल्याच्या प्रश्नाकडे. स्टीलची नेहमीच्या आकाराची प्लेट हवेत साधारण पावणेतीन किलो भरते. स्टील पाण्यापेक्षा आठपट जड, म्हणून पाण्यात त्याचं वजन साधारण आठव्या हिश्शाने कमी होतं, म्हणजे प्लेट तुम्हाला खाली ओढते ती सव्वादोन-अडीच किलोने. त्याच आकाराची अॅल्युमिनियमची प्लेट हवेत किलोभराच्या आतच असते आणि पाण्यात जेमतेम अर्धा-पाऊण किलो. आता गंमत अशी की डायव्हरला खाली जायला शिसं लागतंच, कमरेच्या बेल्टला वजनं लावतो ती. मग तीच अडीच किलो कमरेवर बांधण्याऐवजी पाठीवर पसरून घेतली तर वाईट काय? उलट छातीच्या मागे, फुप्फुसांच्या जवळ वजन आलं की पाय खाली आणि डोकं वर असं तिरकं लोंबणं कमी होतं.

म्हणून पहिला प्रश्न प्लेट कुठली हा नाहीच, तुम्ही आत्ता जॅकेटवर किती शिसं लावता हा आहे. लॉगबुक लिहीत असाल तर त्यात सापडेल, नसाल लिहीत तर लिहायला लागा. मी ३ एमएम जाडीचा रबरी वेटसूट घालून भाड्याच्या जॅकेटवर ५ किलो लावायचो. जॅकेटमध्ये स्पंज आणि पॅडिंग असतं, ते स्वतःच थोडं तरंगतं, त्याला बुडवायला अर्धा ते एक किलो शिसं फुकट जातं. प्लेटला पॅडिंग नाही म्हणजे ते वाचलं, स्टीलच्या प्लेटने अडीच किलो खाल्ले, उरलं दीड-दोन किलो. एवढंच शिसं. मला स्टील बरोबर बसली. बायको मात्र हाफ वेटसूटमध्ये २ किलोवर खाली जाते, तिला स्टीलची प्लेट दिली तर ती पाण्यात उतरल्या क्षणापासून गरजेपेक्षा जड, आणि काढून टाकायला अंगावर एक किलो शिसंसुद्धा नाही. तिच्यासाठी अॅल्युमिनियम. हे तिला मी समजावलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे मला हलकीवाली आणि बॅग उचलायची पण हलकीच ना, मग ठीक आहे. तोही मुद्दा आहेच म्हणा, डोमेस्टिक फ्लाइटला १५ किलोची बॅग, त्यात फिन्स, रेग्युलेटर (सिलेंडरमधली हवा तोंडाशी आणणारा), सूट आणि वर पावणेतीन किलोचा पत्रा म्हटलं की कपडे किती राहतात बघा.

अजून एक गोष्ट या हिशेबात धरायची, सिलेंडर. आपल्याकडे जवळजवळ सगळीकडे अॅल्युमिनियमचा ११ लिटरचा सिलेंडर मिळतो, त्याला एटी (इंग्रजीतले ८०) म्हणतात, २०० बार दाबाच्या आसपास भरतात. हवेला वजन नसतं असं आपल्याला वाटतं पण त्या भरलेल्या सिलेंडरमध्ये अडीच-पावणेतीन किलो हवा असते. डाइव्ह सुरू होताना सिलेंडर पाण्यात किलोभर जड असतो आणि संपत आला की दीड-एक किलोने तरंगायला लागतो. वर येताना सेफ्टी स्टॉपला, म्हणजे पाच मीटरवर थांबतो तेव्हा, उगाच वर-वर जायला होतं ना, ते तुमचं चुकत नसतं, सिलेंडर हलका झालेला असतो. म्हणून वजनाची टेस्ट डाइव्हच्या शेवटी करायची, सिलेंडरमध्ये ५० बार राहिलेत, विंग पूर्ण रिकामी केलीय, पाच मीटरवर शांत श्वास घेताय आणि आहात तिथेच राहताय, तर वजन बरोबर. खाली जाताय तर जास्त, वर जाताय तर कमी. जेट्टीजवळ उभं राहून अंदाजाने ठरवलेलं वजन हे फक्त अंदाजच.

मग विंग केवढी घ्यायची? विंगवर ३० पाउंड, ४० पाउंड असं लिहिलेलं असतं, ती तिची उचलायची ताकद. एक लिटर हवा समुद्रात साधारण एक किलो उचलते, म्हणजे ३० पाउंड म्हणजे साडेतेरा किलो म्हणजे साडेतेरा लिटर हवा, तेलाच्या १५ लिटरच्या डब्यापेक्षा थोडी कमी. एवढी लागते का? बघा. विंगला दोन कामं. एक, तुम्ही सगळा सेट काढून पाण्यात ठेवलात तर तो तरंगला पाहिजे: प्लेट सव्वादोन-अडीच, भरलेला सिलेंडर एक, रेग्युलेटर आणि बकल-बिकल धरून अजून एक, झाले सव्वाचार-साडेचार किलो. दोन, खोलात गेल्यावर गेलेली बॉयन्सी, म्हणजे तरंगण्याची ताकद, भरून काढायची. वेटसूट म्हणजे बुडबुडे भरलेलं रबर, २० मीटरवर दाब तिप्पट होतो, ते बुडबुडे चेपतात आणि ३ एमएमचा सूट दोनेक किलो तरंगणं हरवून बसतो, त्यात सुरुवातीच्या हवेचे पावणेतीन किलो मिळवा, परत पाचच्या आत. म्हणजे कुठूनही मोजा, आपल्या उबदार पाण्यात एका सिलेंडरला पाच-सहा किलोचं काम आहे आणि साडेतेराची विंग दुपटीने पुरते. वजनं कमरेच्या बेल्टला न लावता सेटलाच लावत असाल तर ती पहिल्या बेरजेत धरा, तरी पुरते.

असं असून लोक ४०-५० पाउंडची विंग घेतात, का तर मोठी म्हणजे सेफ. उलट आहे. मोठी विंग एका सिलेंडरभोवती गुंडाळली जाते, अळूवडीच्या पानासारखी, हवा तिच्या घड्यांत अडकते, सोडायची म्हटली तर निघत नाही आणि पाण्यात पंखासारखी फडफडत ओढ देते. मोठ्या विंग जोडीच्या सिलेंडरसाठी असतात. अपवाद थंड पाण्याचा. लेस्टरला राहणारा माझा एक मित्र तिथल्या स्टोनी कोव्ह नावाच्या जुन्या खाणीच्या तळ्यात ड्रायसूट (अंगाला पाणी लागू न देणारा सूट) घालून डायव्ह करतो, त्याला स्टीलची प्लेट घेऊनही वर भरपूर शिसं लागतं, त्याचं गणित वेगळं, त्याला मोठी विंग शोभते. त्याने घेतली म्हणून आपण घ्यायची नाही. आकारात डोनट घ्या, म्हणजे गोल कड्यासारखी, हवा खालून फिरून दुसऱ्या बाजूला जाऊ शकते. नाल असते तशा आकाराचीही मिळते, चालते तीही, पण डोनट सोपी.

आता पैसे. माझं मत एका ओळीत: लोखंडात आणि पट्ट्यात वाचवा, हवा धरणाऱ्या वस्तूत वाचवू नका.

प्लेट हा निव्वळ पत्रा आहे. परदेशात स्टीलची प्लेट शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपास मिळते पण ती इथे येईपर्यंत कुरिअर आणि कस्टम तिच्यापेक्षा जड होतात. म्हणून मी भोसरी गाठली. ३ एमएम एसएस ३१६, ३०४ नको, ३०४ ला समुद्रात चहाच्या डागासारखे तांबूस ठिपके येतात, बिघडत काही नाही पण दिसतं घाण. मधली सपाट पट्टी, दोन्ही बाजूंना बेंड, म्हणजे मधला भाग पाठीच्या कण्यापासून थोडा लांब राहतो आणि बाजू पाठीवर टेकतात. मधल्या पट्टीवर बोल्टची दोन भोकं, एका केंद्रापासून दुसऱ्या केंद्रापर्यंत ११ इंच, म्हणजे जवळपास २८० मिलिमीटर. हा आकडा सगळ्या जगात एकच आहे, तेवढा चुकवू नका, तो बरोबर असला की कुठल्याही कंपनीची विंग त्यावर बसते.

मी चुकवलं ते दुसरंच. पट्टा ५० मिलिमीटरचा म्हणून खाचा बरोब्बर ५० च्या काढल्या. घरी आलो, पट्टा ओवायला बसलो, जाईना. पकडीने ओढला, मेणबत्ती लावून टोक वितळवून टोकदार केलं, तासभर झटापट करून एका खाचेतून गेला आणि तिथेच अडकून बसला, परत भोसरी, खाचा ५५ करून आणल्या. दुसरी चूक त्याहून महाग पडली असती. लेझरने कापलेली कड ही सुरीच असते, ती घासून, गोल करून घ्यायला हवी होती, मी पॉलिश करून चकचकीत दिसतेय म्हणून घेऊन आलो. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाच्या दुसऱ्या ट्रिपनंतर धुताना बघतो तर डाव्या खांद्याच्या पट्ट्याला खाचेपाशी पिंजलेल्या कापसासारखे धागे सुटलेले. आता कडेवरून कापसाचा बोळा फिरवून बघतो, बोळ्याचा एक तंतू जरी अडकला तरी घासायला परत.

हे सगळं धरून प्लेट मला आयातीच्या निम्म्याहून खूप कमीत पडली. ज्यांना हा उपद्व्याप नकोय त्यांनी सेकंडहँड प्लेट घ्या, डोळे झाकून घ्या, वाकलेली नसली की झालं, पत्र्याचं वय होत नाही.

पट्टा. दोन इंची नायलॉन, एकच सलग तुकडा, साडेतीन मीटरच्या आसपास. प्लेटच्या वरच्या खाचांतून खांद्यावर येतो, काखेखालून खालच्या खाचांत जाऊन तिथून कमरेचा पट्टा होतो. कुठे शिवण नाही, कुठे प्लास्टिकचं बकल नाही, तुटायला काही नाहीच. पण पट्टा कडक हवा. बाजेला विणतात तसली नवार किंवा गाडीच्या सीटबेल्टसारखा मऊ पट्टा बाजारात स्वस्त मिळतो, तो ओला झाला की धातूच्या अडकवण्यांतून सरकतो आणि खांद्याची डी-रिंग (सामान अडकवायची कडी) बोटीवर छातीवर असते ती पाण्यात पोटावर सापडते. चांगल्या कडक पट्ट्याला जास्तीचे हजार-पाचशे द्या. पायांमधून येणारा पट्टा वेगळा, तो सेट वर सरकू देत नाही, लोकांना लाज वाटते म्हणून काढून टाकतात, काढू नका. खांद्याला क्विक रिलीज क्लिप, गादी, छातीचा पट्टा असं सगळं लावलेला डिलक्स हार्नेस मिळतो, दुपटीने महाग, माझ्या मते नव्वद टक्के लोकांना गरज नाही. फ्रोजन शोल्डर असेल, हात मागे जात नसेल, तर मात्र बिनधास्त घ्या.

विंगवर मात्र कंजूषी नको. तुम्ही वर तरंगताय ते या एका पिशवीवर. नवीन घेतलीत तर उत्तम, दोन-अडीचशे डॉलरपासून पुढे असतात, कोणी परदेशातून येत असेल तर त्याच्या बॅगेत अगदी सहज मावते, वजनही नसतं. जुनी घेत असाल तर विकणाऱ्यासमोर फुगवा, टम्म, म्हणजे जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह फुस्स करून उघडेपर्यंत. तो उघडला पाहिजे आणि थोड्या वेळाने स्वतःहून बंद झाला पाहिजे. मग रात्रभर तशीच ठेवायला मागा. मी एक स्वस्तात घेतली होती, सकाळी बघतो तर शिळ्या पुरीसारखी बसलेली. बादलीत मावेना म्हणून बाथरूममध्ये टब आणून पंक्चरवाल्यासारखा इंच-इंच दाबत बसलो, पिशवी ठणठणीत होती, बुडबुडे येत होते होजच्या कोपऱ्याच्या चकतीतून, ओ-रिंग वाळून चिरली होती. वीस रुपयांची ओ-रिंग, काम झालं. पण पिशवीच्या शिवणीतून बुडबुडे आले असते तर मी ती परत केली असती, ठिगळ लावून खोलात जायची वस्तू नाही ती.

इन्फ्लेटर म्हणजे विंगमध्ये हवा भरायची नळी, तिचं बटण तर दहा-वीस वेळा दाबून बघा. दाबलं आणि सोडलं की हवा लगेच थांबायला हवी. मिठाने अडकलेलं बटण पाण्यात स्वतःहून हवा भरत राहतं आणि माणूस फुग्यासारखा वर जातो, खोलातून असं वर येणं फार वाईट. असं झालंच तर होज उपटून काढायची, हे हाताला डोळे मिटून जमलं पाहिजे.

सिलेंडर प्लेटला बांधायला दोन पट्टे लागतात, कॅम बँड. मध्ये अॅडॉप्टर म्हणून एक धातूची पट्टी विकतात, त्याला एसटीए म्हणतात. बऱ्याच विंगमध्ये सिलेंडर घरंगळू नये म्हणून आतच दोन उभ्या दांड्या दिलेल्या असतात आणि प्लेटला कॅम बँडच्या खाचा असतात, मग एसटीए घ्यायची गरजच नाही, पैसे आणि किलोभर वजन वाचलं. माझ्या ड्रॉइंगमध्ये त्या खाचा मी आधीच टाकून घेतल्या होत्या, ती एक गोष्ट बरोबर केली. कॅम बँड ओला करून मग आवळा, कोरडा आवळला की पाण्यात नायलॉन ताणतं आणि सिलेंडर हळूच खाली घसरतो. बोटीवरच्या पोरांना ही बकलची ओवणी कधी कधी माहीत नसते, त्यांनी बांधलं तरी सिलेंडर धरून एकदा हिसका मारून बघा.

बसवायचं कसं? घरी टीशर्टवर बसवू नका, वेटसूट घाला, भर उन्हाळ्यात घरच्यांनी हसलं तरी चालेल. खांद्याचा पट्टा सैल हवा, तीन बोटं आरामात आत गेली पाहिजेत. जॅकेटच्या सवयीने लोक तो करकचून आवळतात आणि मग म्हणतात काढता येत नाही, प्लेट-विंग बेकार. कमरेचं बकल थोडं उजवीकडे ठेवा, बरोबर मध्ये ठेवलं तर पायातला पट्टा त्याला खालून ढकलतो आणि बकल उघडू शकतं.

पहिला डाइव्ह सरळ समुद्रात नको, स्विमिंग पूल शोधा आणि सोबत तुमचा इन्स्ट्रक्टर नाहीतर जुना डायव्हर घ्या. दोन गोष्टी नवीन वाटतील. विंगचा मागचा व्हॉल्व्ह डाव्या ढुंगणाशी असतो, उभे राहून दोरी ओढली तर काही निघत नाही कारण हवा वर खांद्यांपाशी असते, डोकं खाली आणि कंबर वर केली की सुटते. दुसरं म्हणजे पाण्यावर आल्यावर विंग टम्म फुगवली की ती पुढे ढकलते, तोंड पाण्यात जातं, घाबरायला होतं. टम्म फुगवायची नाही, हनुवटी पाण्याबाहेर राहील एवढीच हवा, आणि खुर्चीत रेलल्यासारखं मागे झुकायचं.

आणि ज्यांनी मालवणला किल्ल्यापाशी इन्स्ट्रक्टरने धरून एकदाच खाली नेलंय, किंवा वर्षाला दोन डाइव्ह होतात, त्यांनी यातलं काहीही घेऊ नका. भाड्याचं जॅकेट चांगलं आहे. वर्षाला पंधरा-वीस डाइव्ह व्हायला लागले की मग या, तोवर त्या पैशात स्वतःचा मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर घ्या.

ट्रिपवरून आल्यावर विंग आतून धुवायची हे कोणी सांगत नाही. इन्फ्लेटरचं तोंडाकडचं बटण दाबून धरायचं, नळाला लावून लिटर-दोन लिटर गोडं पाणी आत, थोडी हवा फुंकायची, गदागदा हलवायची, उलटी करून व्हॉल्व्हमधून सगळं बाहेर. मग अर्धवट फुगवून सावलीत टांगायची, पावसाळ्यात तर कपाटात बंद करून ठेवायचीच नाही, पट्ट्याला बुरशी येते. नेत्राणीहून आलो की दर वेळी वाटतं आत कुठून पाणी जाणार, बटणं तर नीट होती, आणि दर वेळी उलटी केली की अर्धा तांब्या खारं पाणी निघतं.